उपासाच्या हिवाळ्यातले पक्षी

परवा एजवेअरच्या सुपरमार्केटात मला फेझंट हा इकडचा रानपक्षी दिसला. सोललेला, पाय बांधलेला, प्लास्टिकच्या ताटलीत आखडून बसलेला, आणि वर लेबल, 'ओव्हन रेडी'. मेल्याला कोंबडीच्या शेजारीच ठेवला होता. मी ट्रॉली थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. मागची बाई 'एक्स्क्यूज मी' म्हणाली तेव्हा भानावर आले. इथे लंडनमध्ये ऑक्टोबर आला म्हणजे फक्त पानं गळतात आणि कौन्सिलची माणसं ती गोळा करतात. हॅम्पशायरमध्ये राहायचो तेव्हा ऑक्टोबर कानाने कळायचा. शेतांपलीकडून शिकाऱ्यांच्या बंदुकांचे धाड धाड बार व्हायचे, मग कावळ्यांचा कालवा, मग सगळं गप्प. संध्याकाळी दार उघडावं तर मुठीला कुणीतरी पक्ष्यांची जोडी अडकवून गेलेलं असायचं.

फेझंट मी घेतला नाही. डॉक्टर गेल्यापासून एकटीला अख्खा पक्षी संपत नाही. पण त्याची चव तिथेच, उभ्या उभ्या, तोंडात आली आणि चवीपाठोपाठ शहाऐंशीचा हिवाळा आला. त्या हिवाळ्यात घरात रानपक्ष्यांची रेलचेल होती, मी कधी नव्हे ते इतकं चांगलं रांधत होते, आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी माझ्याच टेबलाशी बसून उपाशी मरायला निघाली होती. इतकी वर्षं झाली, तो हिवाळा माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

आमचे डॉक्टर हॅम्पशायरातल्या बेसिंगस्टोकजवळच्या एका खेड्यात जीपी होते. गावात काळेसावळे चेहरे आमचेच तीन: डॉक्टर, मी आणि केतकी. गावाने आम्हाला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. शेतकरी, त्यांच्या बायका, त्यांची पोरं सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात यायची, बरी व्हायची, आणि हंगाम सुरू झाला की उपकाराची फेड म्हणून पक्षी आणून टांगायची. नर-मादीची जोडी, दोघांच्या मानेला एकच सुतळी, अंगावर सगळी पिसं, डोळे अर्धवट उघडे. पहिल्या वर्षी मी दारातच किंचाळले. मला वाटलं, कुणीतरी करणी केली. डॉक्टर हसून हसून बेजार. म्हणाले, "अगं, मिस्टर हॉलच्या हर्नियाचे आहेत ते!"

मी कोल्हापूरकडची, मला मांसाचं वावडं नाही. लहानपणी मामा माळावरून लावे आणायचा, इवलेसे, दोन घासांचे. मामी म्हणायची, लाव्याला मसाला नुसता दाखवायचा, घालायचा नाही. ते सगळं विसरून मी पहिला फेझंट तांबड्या रश्शात घातला आणि कुकरच्या तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर रस्सा झकास आणि छातीचं मांस म्हणजे सुतळीचा गुंडा. डॉक्टरांनी एक घास तोंडात फिरवत फिरवत अख्ख्या बातम्या ऐकल्या.

मग मिसेस हॉल माझ्या आयुष्यात घुसल्या. हर्नियावाल्या मिस्टर हॉलच्या बायको, उंच्यापुऱ्या, आवाज शेतावरचा, चिखलाचे बूट घेऊन थेट किचनमध्ये. "माय डियर, ही काय कोंबडी आहे का?" म्हणाल्या. त्यांनी मला गॅरेजमध्ये खिळे मारायला लावले. पक्षी मानेने टांगायचा, पिसांसकट, थंडी असेल तर आठवडाभर, उकाडा असेल तर दोन-तीन दिवस. टांगल्याशिवाय त्याला चव येत नाही आणि मऊपणाही येत नाही. आमच्याकडे सकाळी कापलेलं दुपारी शिजलं नाही तर नाक मुरडतात. मला ते ऐकूनच कसंसं झालं. मग त्यांनी माझा अंगठा धरून पक्ष्याच्या छातीवरून फिरवला. हाताला मांस लागलं तर पक्षी खाल्लेला-प्यालेला, मधलं हाड धारेसारखं लागलं तर म्हातारा किंवा उपाशी, तो भाजायचा नाही, नुसता सूपमध्ये घालायचा. बाई गुणी, पण त्यांचा तो ब्रेड सॉस! दुधात शिजवलेला पाव. आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसाला देतात असलं काहीतरी, ते त्या एवढ्या मानाच्या पक्ष्याबरोबर वाढायच्या.

हळूहळू माझा हात बसला. फेझंटची छाती आणि मांड्या एकत्र शिजवणं हाच मुळात गाढवपणा. मांड्या धावून धावून चिवट झालेल्या असतात, त्यांना कांदा, भाजलेलं खोबरं आणि दोन आमसुलं घालून मंद आचेवर तास-दीड तास ठेवायचं, वाटण नेहमीच्या निम्मं. छाती वेगळी काढायची, तुपात परतायची, वर झाकण नाही, आणि आत जरा गुलाबी असतानाच उतरवायची. नराला दिसायला रुबाब, पण खायला मादी सरस. रानबदकाला तळ्यातल्या चिखलाचा वास, त्याला आधी हळद-कांद्याच्या पाण्यात एक उकळी देऊन ते पाणी फेकावं. पारव्याचं मांस काळं, काळजासारखं, तो एकटाच काळ्या मसाल्याला पुरून उरतो. आणि तित्तर, इकडे पार्ट्रिज म्हणतात, सगळ्यांत खानदानी. त्याला तूप, मिरी आणि चार लसूणपाकळ्या, बस्स. कोंबडीला स्वतःची चव नसते, आपण घालू ती तिची. रानपक्ष्याला ओल्या पालापाचोळ्याचा, कच्च्या अक्रोडाचा, किंचित कडवट असा स्वतःचा स्वाद असतो, आणि रांधणाऱ्या बाईने तिथे जरा गप्प बसावं लागतं.

त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी तित्तरांची जोडी आली. आमच्याकडे नवरात्रात मांस नाही, आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं तर घरात पिसं आणायची नाहीत. तेव्हा ती गॅरेजमध्ये नवरात्रभर लटकली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खाली काढली तर दरवळ रस्त्यापर्यंत. मी फेकायला निघाले, तर मिसेस हॉलनी नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पर्फेक्ट! माझे आजोबा असेच खायचे." मी त्यांना दोन्ही देऊन टाकली.

त्याच नवरात्रात केतकीने पहिल्यांदा उपास धरले. नऊच्या नऊ. इथे जन्मलेली, इंग्रजी शाळेत जाणारी पोर, ओ-लेव्हलचं, म्हणजे इकडच्या मॅट्रिकचं वर्ष, आणि म्हणते, "आई, मी पण तुझ्यासारखा उपास करणार." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! हाउन्सलोच्या सुलूताईंकडे भोंडल्याला गेलो तर बायका केतकीभोवती गोळा झाल्या. सुलूताई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या थोरल्या बहिणीसारख्या. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आमच्या पोरांना फिशफिंगर हवेत, आणि ही बघा! आईने संस्कार केलेत हो." साबुदाण्याच्या खिचडीची बशी कुणीतरी पुढे केली, तर केतकी म्हणाली, "नको मावशी, माझा कडक उपास आहे." सगळ्या बायका आ वासून बघत राहिल्या. मी कोल्हापूरला फोन करून सांगितलं. आईला तर फोनवरच रडू फुटलं.

मग संकष्टी आली, एकादशी आली, सोमवार आले, मार्गशीर्षातले गुरुवार आले. आपल्या पंचांगात उपासाला काय तोटा! ज्या माणसाला खायचं नाही त्याला आपला धर्म रोज एक सबब हातात ठेवतो. हे मला आता कळतं आणि संताप येतो. एखादी इंग्रज मुलगी ताट लोटती तर तिची आई दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेती. माझ्या मुलीने ताट लोटलं तर तिला पाटावर बसवून ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं आम्ही.

आणि उपास नसेल त्या दिवशी ती काय करायची? रांधायची. लायब्ररीतून शिकारीच्या पक्ष्यांवरची पुस्तकं आणायची, गॅरेजमध्ये जुनी चादर अंथरून माझ्यासोबत पिसं काढायला बसायची. तिच्या बोटांना भारी सफाई होती, कातडी कुठे फाटू द्यायची नाही. फेझंटवर बेकनच्या पट्ट्या घालायची, लोणी सोडायची, दर दहा मिनिटांनी ओव्हन उघडून चमच्याने रस वर घालायची. "डॅडी, लेग घ्या ना अजून," असा आग्रह करायची, अगदी माझ्या आवाजात. डॉक्टर म्हणायचे, पोरीने माझं पोट वाढवलं. मी म्हणायचे, नशीबवान आहात. स्वतःच्या ताटात ती घ्यायची, सोलायची, तुकडे करायची, बोटं चाटायची. विचारलं तर, "मी खाल्ला ना, आई. स्कूलमध्ये पण हेवी लंच झाला."

पक्ष्याचं जेवण फसवं असतं. छोटा जीव, हाडं फार. जेवण झाल्यावर प्रत्येकाच्या ताटात हाडांचा ढीग आणि त्यात बंदुकीचे दोन-चार छर्रे. कुणी किती खाल्लं, काही पत्ता लागत नाही. केतकीच्या ताटातला ढीग आमच्याइतकाच असायचा. एक दिवस मी भांडी घासायला घेतली आणि तिच्या ताटातल्या हाडाखाली पेपर नॅपकिनची घट्ट गुंडाळी सापडली. उलगडली तर आत सगळं मांस, नीट सोललेलं. मी ते हातात धरून सिंकपाशी कितीतरी वेळ उभी होते. मग मनाची समजूत घातली, की पोरीला आज आवडलं नसेल, सांगायला लाजली असेल. आई काय वाट्टेल ते स्वतःच्या गळी उतरवते.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. केतकीला माझी काळी चंद्रकळा नेसायची होती. एरवी ती मला जवळ येऊ द्यायची नाही, दार लावून कपडे बदलायची. पण नऊवारी असो की पाचवारी, नेसवायला आई लागतेच. निऱ्या खोचल्या, पदर घेतला, खांद्यावर पिन लावायला म्हणून वाकले आणि माझा अंगठा तिच्या छातीच्या मधल्या हाडावरून गेला. हाड धारेसारखं हाताला लागलं. मी हात मागे घेतला. पाठीवर ठेवला, तिथेही मणी न् मणी. दंडावर बारीक लव आली होती, पूर्वी नव्हती. आरशात ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती मला सगळं कळेल म्हणून नव्हती, मी आता तिला खायला लावीन म्हणून होती.

बाहेर आली तर सुलूताई म्हणाल्या, "कित्ती शेलाटी दिसतेय गं! काळा रंग काय खुलतोय." मी तिळगुळाचा डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "सुलूताई, बास करा." माझा आवाज चढला. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! पण मला त्या क्षणी सगळ्यांच्या बांगड्या, सगळ्यांचे गजरे, सगळं कौतुक नकोसं झालं होतं.

सगळ्या गेल्यावर मी डॉक्टरांना धरलं. "अहो, पोरीकडे बघा."

"एक्झामचं प्रेशर आहे. या वयात मुली बारीक होतात."

"अख्ख्या गावाच्या नाड्या बघता. घरात एक जीव हाडांवर आलाय तो दिसत नाही तुम्हाला?"

"मी तिचा डॉक्टर नाही, मी तिचा बाप आहे," ते ओरडले. मग खुर्चीत बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "दिवाळीपासून दिसतंय मला. मला त्याचं नाव घ्यायचं नव्हतं."

त्यांनी त्या आजाराचं नाव घेतलं. मी ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी हेही सांगितलं की यात मुली दगावतात. हा माणूस कधी मोठ्याने रडला नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो, आणि वरच्या खोलीत ती ऐकत होती.

स्पेशालिस्ट बाई बेसिंगस्टोकला बसायच्या. पांढरे केस, हळू आवाज. म्हणाल्या, रोज तिघांनी एकत्र बसून जेवा. तिच्या ताटाकडे बघू नका. खा म्हणू नका. खाल्लं तर शाबासकी देऊ नका. टेबलावर अन्नाबद्दल अक्षर काढू नका. आमच्याकडे वाढताना आग्रह केला नाही तर पाहुणा उठून जातो. आईने ताटाकडे बघायचं नाही, वाढायचं नाही, अजून एक घास घे म्हणायचं नाही, तर मग आईने करायचं काय? बाई म्हणाल्या, "तुम्ही जेवा. तिच्यासमोर, पोटभर, आवडीने." घरी येताना गाडीत केतकी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती.

आज ती पन्नाशी ओलांडून गेली. त्याच बेसिंगस्टोकात एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते, नवरा भला आहे. बरी आहे, असं मी लोकांना सांगते. नव्वदच्या दशकात, युनिव्हर्सिटीत असताना, ती पुन्हा घसरली होती, आणि त्या वर्षी मी तिच्या हॉस्टेलजवळ खोली घेऊन राहिले. अजूनही ती घरी आली की मी तिच्या ताटाकडे बघत नाही. जिवाचा आटापिटा करून बघत नाही. फोनवर ती म्हणते, "आई, मी जेवले," आणि काय जेवलीस हे विचारायला जीभ शिवशिवते, ती मी दाताखाली धरते. याला बरं होणं म्हणतात का, मला ठाऊक नाही. मिसेस हॉल म्हणायच्या, रान कधी पक्ष्याच्या अंगातून जात नाही. त्या मांसाबद्दल म्हणायच्या.

तर ते महिने. टेबलावर आम्ही तिघं, आणि बोलायचं कशावर, तर हवेवर. केतकी चार शितं चिवडायची. फेब्रुवारी लागला तसे शेतातले बार बंद झाले. फ्रीजरमध्ये तित्तरांची शेवटची जोडी उरली होती. महिना संपता संपता महाशिवरात्र आली. आदल्या दिवशी केतकी किचनच्या दाराशी येऊन उभी राहिली, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले.

"आई, टुमॉरो शिवरात्री आहे. मी उपास करते. एकच. प्लीज."

त्या 'प्लीज'मध्ये केवढी आशा होती. शिवरात्र मी जन्मात मोडली नव्हती. तापात नाही, केतकी पोटात होती तेव्हाही नाही. सकाळी दिवा लावला आणि देवापुढे उभी राहिले. म्हटलं, "महादेवा, तुझ्या रागाला मी भिते. पण तिच्या बरगड्यांना जास्त भिते. आजपासून या घरात उपास बंद. तुला चालत नसेल तर तू राहा उपाशी. आणि कोप करायचाच असेल तर माझ्यावर कर, पोरीला हात लावू नकोस." असं देवाशी कधी कुणी बोलतं का! मग मी फ्रीजर उघडला आणि तित्तरं बाहेर काढली.

संध्याकाळी तूप तापवलं, मिरी कुटली, लसूण ठेचला. छाती वरवर परतली, मांड्यांचा पातळ रस्सा केला, मऊ भात लावला. वास घरभर गेला. शिवरात्रीच्या दिवशी माझ्या घरात तुपात तित्तर परतल्याचा वास! डॉक्टर आत आले आणि दारातच थांबले.

"अगं, आज?"

"आज."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, हात धुतले आणि येऊन बसले. केतकीही आली. मी तिघांची ताटं वाढली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. देव मला क्षमा करो, सुरेख झालं होतं. चावता चावता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही.

"आई, तू खाते? शिवरात्रीला?"

"भूक लागली मला," मी म्हटलं. आणि दुसरा घास घेतला.

डॉक्टर कुणाच्या तरी ट्रॅक्टरबद्दल बोलायला लागले. तो कसा चिखलात रुतला, मग दुसरा आणला, तोही कसा रुतला. मी माझ्या ताटाकडे बघत होते, खाली मान घालून जेवत होते. बाजूला काट्याचा आवाज झाला. थांबला. बराच वेळ काही नाही. डॉक्टरांनी तिसरा ट्रॅक्टर आणला. पुन्हा काटा वाजला, आणि मला तिच्या चावण्याचा आवाज आला, सावकाश, फार सावकाश. डॉक्टरांचा आवाज कापायला लागला होता, पण ते थांबले नाहीत.

"आई."

"काय गं?"

"मीठ कमी झालाय."

मीठ बरोबर होतं. मी उठले, बरणी आणली आणि तिच्याकडे न बघता तिच्या हाताशी ठेवली.